घड्याळे कोणी जुळवावयाची?

मुंबईच्या गिरणीपासून चाकणच्या टॉवरपर्यंत वेळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कशी पोहोचली, आणि ती पोहोचविताना कोणाचे किती गेले, हा आजचा विषय आहे. विषय यंत्रज्ञांचा आहे आणि आम्ही यंत्रज्ञ नव्हे. शाळा अर्ध्यावर सुटली, पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. परंतु कामगार चळवळीत तीस वर्षे काढलेल्या माणसाचा घड्याळाशी जितका संबंध येतो, तितका सोनाराचा तराजूशीही येत नसेल. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या मिनिटांच्या असतात. तेव्हा ह्या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार आम्हांस आहे असे आम्ही समजतो.

आज आकुर्डीत, भोसरीत वा चाकणात कोणीही खिशातला मोबाईल काढावा. सर्वांची वेळ एकच. ही एकी आपणांस निसर्गाचीच वाटू लागली आहे. वस्तुतः निसर्गाचा तिच्याशी फारसा संबंध नाही. चिंचवडात घड्याळाचे बारा वाजतात तेव्हा सूर्य माथ्यावर यावयास सरासरीने ३५ मिनिटे बाकी असतात. बाराचा सूर्य माथ्यावर असतो तो उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशावर. म्हणजे आपण दुपारची भाकरी खातो ती मिर्झापूरच्या दुपारी. त्यात वावगे काही नाही. मात्र असे कधी ठरले, कोणी ठरविले आणि त्या वेळी कोणाला विचारले, हे ठाऊक असावे.

आगगाडी येण्यापूर्वी प्रत्येक गावाची वेळ गावापुरती असे. पुणे मुंबईच्या सुमारे चार मिनिटे पुढे; पण घोड्याच्या टपालाला चार मिनिटांचे काय? १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली आणि १८५८ साली खंडाळा-पुणे मार्ग चिंचवडच्या शिवारातून गेला. तेव्हापासून मिनिटाला किंमत आली. एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून ह्या स्टेशनाचे आठ आणि त्या स्टेशनाचे आठ हे एकच असले पाहिजेत. रेल्वेने १८७०च्या सुमारास मद्रासची वेळ सर्वत्र लावली. मद्रासच्या वेधशाळेत जॉन गोल्डिंगहॅम ह्यांनी १८०२ साली ती निश्चित केली होती : ग्रीनिचच्या ५ तास २१ मिनिटे पुढे. ती वेळ तारायंत्राने स्टेशनास्टेशनांस जाई आणि स्टेशनमास्तर आपले घड्याळ तिच्याशी जुळवून घेई. एक मुख्य घड्याळ, बाकीची त्याची ताबेदार, मध्ये तार : आज टेलिफोनच्या यंत्रणेत जे चालते त्याचा सांगाडा येथे पुरा झालेला दिसतो.

मुंबईची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. म्हणजे स्टेशनातले घड्याळ शहरातल्या घड्याळापेक्षा अर्धा तास पुढे. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन ह्यांनी मुंबई शहरालाही मद्रासची वेळ लावून पाहिली. लोकांना ती रुचली नाही आणि १८८३ साली सरकारला माघार घ्यावी लागली.

त्यानंतरच्याच वर्षी, १८८४ च्या सप्टेंबरात, नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. पाच हजारांवर कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारकडे गेले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार ह्या मागण्या सर्वांना पाठ आहेत. पण त्यांतील एका मागणीकडे कमी लोकांचे लक्ष जाते : काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. आम्ही एकदा सहज हिशेब करून पाहिला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत सूर्य उगवतो तो आजच्या घड्याळाने सात वाजून बारा मिनिटांच्या आसपास. मुंबईच्या जुन्या वेळेने हे साडेसहाच होतात. लोखंड्यांनी कारखान्याचे घड्याळ सूर्याला बांधू पाहिले. थंडीच्या दिवसांत, सूर्य वर आल्याशिवाय माणूस यंत्रापाशी उभा राहणार नाही, असा त्या साडेसहाचा अर्थ होतो. ह्या साध्या आकड्यात केवढे शहाणपण आहे!

पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्याचा हा पहाराही उठला. १९०५ साली मुंबईत कित्येक गिरण्या चौदा-पंधरा तास चालत. कामगार त्यामुळे आधीच कावलेले असताना १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाण वेळ लागू केली : ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे. त्याच महिन्याच्या आरंभी जेकब ससून गिरणीत हजारो कामगारांनी ह्या वेळेविरुद्ध काम बंद पाडले, दगडफेकही झाली. इंग्रजी इतिहासकारांपैकी काहींना ह्यात अडाणीपणा दिसला. आम्हांस तसे दिसत नाही. गिरणीचे घड्याळ ३९ मिनिटे पुढे सरकले की सकाळी सहाचा भोंगा जुन्या पाच एकवीसला होणार, आणि जानेवारीत सूर्योदयाला त्यानंतर तासाहून अधिक अवकाश. संध्याकाळी सुटण्याची वेळही तितकीच अलीकडे येईल ह्याची हमी कोणी दिली होती? विजेचा दिवा आल्यावर ज्याने एकदा वाढीव तास सोसले, त्याने घड्याळ सरकविणाऱ्या हातावर विश्वास का ठेवावा? शहरातील सुशिक्षितांचाही नव्या वेळेला विरोध होता. त्यांच्या मनात लॉर्ड कर्झनचा आणि वंगभंगाचा राग होता. दोघांचा शत्रू एक, कारणे निराळी. मुंबईच्या महापालिकेने आपली जुनी वेळ पुढे कित्येक वर्षे, पार स्वातंत्र्यानंतरपर्यंत सांभाळली. तोवर गिरण्यांतून नवी वेळ केव्हाच रुळली होती.

वेळ हुकमाने सरकते ह्याचे पुरावे पुढेही मिळाले. १९४२ ते १९४५ ह्या काळात युद्धासाठी देशाची घड्याळे आणखी एक तास पुढे नेण्यात आली. आसामच्या चहामळ्यांत 'बागान टाइम' म्हणून तासभर पुढची वेळ पाळीत, आणि १९५१ च्या मळे-कामगार कायद्यात अशी स्थानिक वेळ ठरविण्याची सोयच होती.

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पाहता पाहता जिराईत रानात पाळ्या चालू लागल्या. मोठ्या कारखान्यांतून त्या काळी एक मुख्य घड्याळ कचेरीत असे. ते दर मिनिटाला वा अर्ध्या मिनिटाला विजेचा ठोका पाठवी आणि खात्याखात्यांतील घड्याळांचे काटे त्या ठोक्यासरशी पुढे सरकत. फाटकावरचे कार्ड छापणारे घड्याळही त्याच तारेवर. इंजिनिअर मंडळी मुख्य घड्याळाला 'मास्टर' आणि बाकीच्यांना 'स्लेव्ह', म्हणजे धनी आणि गुलाम म्हणत. शब्द कोठून आले हे सांगावयास नको. २०२२ साली ह्या विषयाच्या आंतरराष्ट्रीय मानकात दुरुस्ती होऊन 'वेळ देणारा' आणि 'वेळ घेणारा' असे पर्यायी शब्द सुचविण्यात आले. उशिरा का होईना, झाले.

टेलिफोनला मात्र ह्या जुळवाजुळवीची निकड पुष्कळ काळ नव्हती. जुन्या केंद्रांत आवाजाची लाट तारेवरून जशीच्या तशी जाई. १९८० च्या दशकात डिजिटल केंद्रे येऊ लागली आणि प्रकरण पालटले. डिजिटल केंद्रात आपला आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो. प्रत्येक मापाचा आकडा होतो आणि १२५ मायक्रोसेकंदांच्या एकेका खोक्यात बत्तीस प्रवाहांचे आकडे भरून ते खोके पुढच्या केंद्राकडे जाते. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. पाठविणाऱ्याचे घड्याळ किंचित जलद असेल तर घेणाऱ्याच्या दारात खोकी साचतात आणि एक टाकून द्यावे लागते. मंद असेल तर तेच खोके पुन्हा मोजले जाते. ह्याला 'स्लिप', म्हणजे घसरण म्हणतात. बोलण्यात ती 'टक्' अशी ऐकू येते, फॅक्समध्ये ओळ बिघडते. दोन घड्याळांत दहा लाखांत एक भाग एवढाच फरक असला तरी दर १२५ सेकंदांनी एक घसरण होते. म्हणून मुख्य केंद्रात सीझियम अणूचे घड्याळ ठेवावयाचे, ज्याची चूक शंभर अब्जांत एका भागापलीकडे जाऊ नये. मग अशा दोन घड्याळांत घसरण होते ती सुमारे ७२ दिवसांतून एकदा. शंभर अब्जांत एक! हा आकडा प्रथम वाचला त्या दिवशी आम्ही तो दोनदा मांडून पाहिला.

प्रत्येक केंद्रात सीझियम ठेवणे परवडत नाही. तेव्हा वेळ वाटावी लागते, आणि वाटप आले की तंट्याची बीजे आली. चाकणच्या बाजूला खोल्या करून राहणाऱ्या, कंत्राटावर टेलिफोनच्या यंत्रांची मांडणी करणाऱ्या तरुणांनी आम्हांस हे काम समजावून दिले. नवे यंत्र बसविताना त्याला सांगावे लागते की, वेळ कोणकोणत्या वाटांनी घ्यावयाची. पहिली पसंती कोणाला, ती तुटली तर दुसरी कोणाला. तुटलेली वाट पुन्हा लागली तर लगेच तिच्यावर उडी न मारता किती मिनिटे थांबून खात्री करावयाची. हे सर्व कोणी पाहत नाही. टॉवरखालच्या पत्र्याच्या कपाटापाशी उन्हात बसून पोरगा हे आकडे भरतो आणि रात्री दुसऱ्या गावी जातो.

ह्यात एक सापळा आहे. समजा पिंपरी, भोसरी आणि चाकण ही तीन केंद्रे फायबरच्या कड्याने जोडली आहेत. पिंपरीत खरे घड्याळ आहे. भोसरी पिंपरीकडून वेळ घेते, चाकण भोसरीकडून. मध्येच पिंपरी-भोसरी तार तुटली. भोसरीला दुसरी पसंती चाकणची दिलेली. आता भोसरी चाकणला विचारते आणि चाकण भोसरीला. आंधळ्याच्या हाती आंधळ्याची काठी. दोघांची वेळ एकमेकांशी तंतोतंत जुळते, कोठे लाल दिवा लागत नाही, आणि दोघे मिळून खऱ्या वेळेपासून दूर दूर जातात. एकमत म्हणजे सत्य नव्हे, हे युनियनच्या सभांत आम्ही पाहिले होते. यंत्रांतही पाहावयास मिळाले.

ह्यावर इंजिनिअरांनी जो तोडगा काढला तो आम्हांस फार आवडतो. प्रत्येक यंत्राने वेळेबरोबर आपल्या वेळेची प्रतही कळविली पाहिजे : ही वेळ मुख्य घड्याळापासून आलेली आहे, की मधल्या घड्याळापासून, की ती माझी स्वतःची आहे. चार बिटांचा हा एवढासा निरोप. ज्याच्याकडून वेळ घेतली त्याला उलट दिशेने निरोप द्यावयाचा तो असा : 'माझी वेळ वापरू नका', कारण ती तुमचीच आहे. घेणाऱ्याने आपली प्रत देणाऱ्यापेक्षा वरची सांगावयाची नाही. आणि सर्व वाटा तुटल्या तर यंत्र आठवणीवर चालते, त्याला 'होल्डओव्हर' म्हणतात. तेव्हाही ते उघड सांगते की मी आता आठवणीवर चालतो आहे. इतका प्रामाणिकपणा आम्ही कोणत्याही कचेरीच्या घड्याळात पाहिलेला नाही.

२०२२ च्या ऑक्टोबरात आपल्याकडे पाचव्या पिढीची मोबाईल सेवा सुरू झाली आणि जुळणी आणखी नाजूक झाली. ह्या सेवेच्या मुख्य पट्ट्यात टॉवर आणि फोन एकाच लहरीवर आळीपाळीने बोलतात. पाळीबदलाच्या वेळी कारखान्याच्या एकाच फाटकातून सुटणारे बाहेर यावयाचे आणि येणारे आत जावयाचे, तसे. शेजारच्या टॉवरचे घड्याळ चुकले तर हा ऐकत असताना तो बोलू लागतो आणि कोणालाच काही ऐकू येत नाही. म्हणून टॉवरची वेळ खऱ्या वेळेपासून दीड मायक्रोसेकंदापेक्षा अधिक ढळू नये असा दंडक आहे. ही वेळ फायबरवरून निरोपानिरोपी करून ठरते : निरोप कधी निघाला, कधी पोहोचला, उत्तर कधी निघाले, कधी पोहोचले. जाण्यायेण्यास सारखाच वेळ लागतो असे ह्यात गृहीत असते. फायबरात प्रकाश मायक्रोसेकंदाला सुमारे २०० मीटर जातो. केबल तुटून दुरुस्त करताना जाण्याची वाट येण्याच्या वाटेपेक्षा ४०० मीटर लांब पडली, की एक मायक्रोसेकंदाची चूक तेथेच झाली. ती कोणी मोजून यंत्रात हाताने भरली नाही तर यंत्राला कळावयाची नाही.

टॉवरांची वेळ मुळात बहुधा आकाशातून, उपग्रहांकडून येते. २६ जानेवारी २०१६ रोजी अमेरिकेच्या जी.पी.एस.मधील एक जुना उपग्रह सेवेतून काढताना चूक झाली आणि काही उपग्रहांनी १३ मायक्रोसेकंद चुकीची वेळ कित्येक तास जगभर वाटली. दीड मायक्रोसेकंदाची जेथे मुभा, तेथे तेरा! मुख्य घड्याळ परक्याच्या हाती असण्याचा हा धोका. आपल्या देशाची वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर राखते. आपले उपग्रहही आहेत, परंतु पहिल्याच भारतीय दिशादर्शक उपग्रहावरील तिन्ही आयात घड्याळे बंद पडली हेही नमूद केले पाहिजे. २०२५ च्या जानेवारीत केंद्र सरकारने सर्व कायदेशीर व व्यापारी व्यवहार भारतीय प्रमाण वेळेने व्हावेत अशा नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला.

आपल्या शेजारीच हे काम किती सुबक होऊ शकते ते पाहावयाचे असेल तर चाकणवरून नाशिक रस्त्याने नारायणगावापर्यंत जावे. खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप ह्यांच्या पुढाकाराने उभारलेली रेडिओ दुर्बीण आहे : ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरांत पसरलेल्या. मध्यवर्ती केंद्रातून फायबरने प्रत्येक तबकडीला एकच ताल पाठविला जातो, म्हणून तीस तबकड्या एका डोळ्यासारखे काम करतात. शेतकऱ्यांच्या द्राक्षांच्या बागांमधून हा ताल जातो आणि कोणाचा पगार त्यात कापला जात नाही.

पगार कापला जातो तो फाटकावर. चाकणच्या बाजूच्या एका कारखान्यात, नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही, कायम कामगारांना एक फाटक आणि कंत्राटी कामगारांना दुसरे. दोन्हीकडे बोट लावण्याची हजेरी-यंत्रे. पाच मिनिटांपेक्षा अधिक उशीर झाला की अर्ध्या तासाचा पगार जाई. हा नियमच मुळात गैर होता : १९३६ च्या वेतन कायद्याच्या नवव्या कलमानुसार जितका वेळ गैरहजेरी, त्याच प्रमाणात कपात, अधिक नाही, नव्या वेतन संहितेतही तेच तत्त्व आले. (जाता जाता सांगतो : त्याच जुन्या कलमात दहा वा अधिक कामगार संगनमताने नोटीस न देता गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतच्या पगाराची कपात करण्याची वाट ठेवलेली होती. एकट्याचा उशीर मिनिटांत मोजावयाचा, दहांचा दिवसांत.) पण कंत्राटी पोरांची तक्रार निराळीच होती. ती म्हणत, आम्ही वेळेवर येतो आणि यंत्र उशीर लिहिते. मोबाईलशी ताडून पाहिले तर त्यांच्या फाटकावरचे यंत्र चार मिनिटे पुढे.

व्यवस्थापनाचे म्हणणे, यंत्र खोटे बोलत नाही. आम्ही वाद घातला नाही. टॉवरवर काम करणाऱ्या त्या तरुणांनी शिकविलेला एकच प्रश्न आम्ही लेखी विचारला : हे यंत्र वेळ कोणाकडून घेते? उत्तर यावयास अकरा दिवस लागले. कायम कामगारांच्या फाटकावरचे यंत्र कारखान्याच्या सर्व्हरला जोडलेले होते. कंत्राटी फाटकावरचे कोणालाच जोडलेले नव्हते. कधी काळी कंत्राटदाराच्या माणसाने मनगटावरचे घड्याळ पाहून ते लावले होते. म्हणजे ते आठवणीवर चालत होते, आणि आठवणीवर चालतो आहे असे सांगत मात्र नव्हते.

दोन्ही यंत्रे आता सर्व्हरला जोडली गेली आहेत. अर्ध्या तासाच्या कपातीचा नियम गेला आणि दोन महिन्यांच्या कपातीचा फरक मिळाला. त्याआधीचा हिशेब कंत्राटदार बदलल्यामुळे अडकून पडला आहे. तिसरी मागणी मान्य झाली नाही. ती अशी होती की, प्रत्येक हजेरी-यंत्राशेजारी त्याची वेळ कोठून येते आणि शेवटची केव्हा जुळविली हे मराठीत लिहिलेले असावे, आणि जोडणी तुटलेल्या काळातील उशिराबद्दल कपात होऊ नये. असे कोणत्याही कारखान्यात लिहीत नाहीत, असे उत्तर आले. आम्ही ते कलम पुढच्या मागणीपत्रात सातव्या क्रमांकावर घातले आहे.